मोनो रेकॉर्डिंगमधून फक्त मेंडोलिनचा पीस कसा काढायचा? (भावगीत, व्हायोलिनच्या खाली दबलंय)

पार्लेकर_तंतू

नमस्कार मंडळी. पार्ल्यात आमचा भावगीतांचा छोटा ग्रुप आहे आणि यंदा दिवाळी पहाटला साठच्या दशकातलं एक भावगीत घ्यायचं ठरलंय. भूप रागाच्या अंगाचं (सा रे ग प ध, पाचच स्वर), केरवा ताल, आठ मात्रांचा. सुरुवातीला आणि प्रत्येक कडव्याआधी मेंडोलिनचा पीस आहे, शिवाय गायिकेच्या ओळींमागेही मेंडोलिन सतत काहीतरी बोलत असतं. मेंडोलिन मीच वाजवतो त्यामुळे हे काम माझ्याकडे आलंय, आणि मला ते साधारण तसं नकोय, जे वाजलंय तेच हवंय.

अडचण अशी की रेकॉर्डिंग मोनो आहे. व्हायोलिनचा सेक्शन, बासरी, तबला, मागे ऑर्गनसारखं काहीतरी, सगळं एकाच जागी. सुरुवातीचा पीस मेंडोलिन एकटं वाजवतं, तो निघाला. पण कडव्याआधी जो चार आवर्तनांचा पीस आहे त्यात दुसऱ्या आवर्तनापासून व्हायोलिन येतात आणि मेंडोलिन त्यांच्या खाली जातं, वाजतंय एवढं कळतं पण काय वाजतंय ते कळत नाही. एका सॉफ्टवेअरने मिडी (कुठला स्वर कधी वाजला त्याची यादी) काढून बघितलं तर त्यात वरच्या सप्तकात शुद्ध नी येतोय, एकदा नाही, परत परत, आणि गाण्यात तर नी कुठेच नाहीये! त्यात पट्टीचा घोळ. सा बघितला तर धड पांढरी दोन नाही धड काळी दोन नाही (पेटीवरच्या शेजारच्या पट्ट्या), ३०२ हर्ट्झच्या आसपास लटकतोय.

हे लोक कसं काढतात? नुसतं हेडफोन लावून ऐकत बसणं हाच मार्ग आहे का?

स्टेमवाला

दादा आधी फाईल कुठली वापरताय ते सांगा. यूट्यूबवरून उतरवलेली असेल तर ती बाजूला ठेवा आणि सीडी किंवा वेव्ह मिळते का बघा, कुणाकडे तरी असतेच. फाईल छोटी करताना मोठ्या आवाजाखाली जे बारीक आवाज दडलेले असतात त्यांच्यावरच सगळ्यात आधी काट मारली जाते, माणसाला ते तसेही ऐकू येत नाहीत या हिशोबाने, आणि तुम्हाला नेमकं तेच हवंय, व्हायोलिनखालचं मेंडोलिन.

दुसरं, स्टेम, म्हणजे गाण्यातले आवाज-वाद्यांचे भाग, वेगळे करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. डीझरवाल्यांनी २०१९ मध्ये स्प्लीटर काढलं, फुकट आहे, फेसबुकवाल्यांचं डेमक्स आहे, तेही फुकट आणि त्याहून बरं. पण ही मॉडेल्स शिकलीयत ती मुख्यतः पाश्चात्त्य पॉप-रॉकवर, त्यांच्याकडे खण मुख्यतः चारच, आवाज, ड्रम्स, बेस आणि उरलेलं. डेमक्सचं एक सहा खणांचं मॉडेल आहे त्यात गिटार आणि पियानो वेगळे आहेत पण मेंडोलिनला त्यात जागा नाही, मग ते अर्धं गिटारमध्ये जातं अर्धं उरलेल्यात राहतं. तबल्याचं तर आणखी वाईट, चाट (कडेवरचा आघात) ड्रम्समध्ये आणि डग्ग्याची घुमक बेसमध्ये. म्हणून मेंडोलिन वेगळं काढून मिळेल ही आशा सोडा. पण गायिकेचा आवाज मात्र ती छान बाजूला करतात, आणि ओळींमागचं जे मेंडोलिन तुम्ही म्हणताय त्यासाठी ते सोनं आहे. आवाज काढा, उरलेले सगळे स्टेम परत एकत्र करा आणि त्यावर काम करा. एकटा उरलेला स्टेम ऐकू नका, त्यात मेंडोलिनचे तुकडे पडलेले असतात.

आणि डावा उजवा चॅनल उलटा करून मधलं गायब करायची जी युक्ती कराओकेवाले करायचे ती इथे चालणार नाही, मोनोमध्ये दोन्ही बाजू सारख्याच, वजा केलं की काहीच उरत नाही. कव्हरवर स्टीरिओ लिहिलं असेल तरी हुरळून जाऊ नका, जुनी मोनो रेकॉर्डिंग्ज पुढे कृत्रिम स्टीरिओ करून विकली गेलीयत, खालचे आवाज एका कानात वरचे दुसऱ्या कानात एवढंच.

गिरगाव_रियाज

मला एक प्रामाणिकपणे विचारायचंय. एवढा जीव का काढायचा? भूपच आहे, केरवाच आहे, चार आवर्तनं तुम्ही तुमच्या हाताने छान भरू शकता, ऐकणाऱ्यांपैकी कुणाला कळणार आहे? शिवाय स्वतःचं काहीतरी असलेलं बरं.

पार्लेकर_तंतू

@गिरगाव_रियाज तुमचं म्हणणं चुकीचं नाही, पण मला पटत नाही. त्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव आहे, कवीचं आहे, संगीतकाराचं आहे, मेंडोलिन कुणी वाजवलं ते कुठेच नाही. त्या माणसाने एका टेकमध्ये, सगळ्या वाद्यांबरोबर बसून जे वाजवलं तेवढंच त्याचं शिल्लक आहे, आणि तेही आपण नीट न ऐकता वर आपलं घालून दिलं तर मग काय राहिलं. माझं मी दुसऱ्या गाण्यात वाजवीन. आणि दिवाळी पहाटला येणारी मंडळी ही गाणी आयुष्यभर ऐकलेली असतात, त्यांना शब्दांइतकेच पीस पाठ असतात, कळतं हो त्यांना.

@स्टेमवाला फाईल यूट्यूबचीच होती. सीडी मावशीकडे आहे, आणतो.

जुना_ॲकॉर्डियन

पार्लेकर, वरचं उत्तर वाचून बरं वाटलं. मी ऑर्केस्ट्रात बरीच वर्षं काढली, आमच्या वेळी हे सगळं कानानेच व्हायचं, तेव्हा जे माहीत आहे ते सांगतो, थोडं लांबेल.

पहिलं काम पट्टीचं, ते झाल्याशिवाय एकही स्वर लिहू नका. पांढरी दोनचा सा २९३.७ आणि काळी दोनचा ३११, म्हणजे तुमचा ३०२ बरोबर मधोमध आहे. तसं मुद्दाम कुणी वाजवत नाही, टेप किंवा रेकॉर्ड कॉपी होताना कुठेतरी स्पीड हललाय. अर्ध्या सुराला स्पीडमध्ये साधारण ६ टक्के फरक पडतो, तुमचा पाव सूर आहे म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. प्रश्न एवढाच की खाली आणायचं का वर न्यायचं.

हे मेंडोलिनच सांगेल. तुमच्या तारा जी, डी, ए, ई. मूळ गाणं पांढरी दोनमध्ये असेल तर मोकळी डी म्हणजे सा, मोकळी ए म्हणजे प, मोकळी ई म्हणजे वरचा रे. भूपाचे पाचांपैकी तीन स्वर मोकळ्या तारेवर, आणि मोकळी तार पुढचा स्वर वाजला तरी मागे घुमत राहते. काळी दोनमध्ये यातलं काहीच मिळत नाही, फक्त जाड जी तार खालचा ग म्हणून मोकळी सापडते, बाकी सगळं बोटाखाली आणि त्यामुळे सूर लवकर मिटतो. तर सुरुवातीचा तो एकट्याचा पीस लावा आणि फक्त सा आणि प ऐका. पुढच्या स्वरावर गेल्यावरही ते मागे रेंगाळतायत का? रेंगाळत असतील तर पांढरी दोन, स्पीड खाली आणा. वाजवणाऱ्याने तारा नेहमीसारख्या मिळवल्यात असं धरून सांगतोय, पण स्टुडिओत बहुतेक तशाच असायच्या कारण समोर स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य, रेघांवरची लिपी) असायचं.

दुसरं, हळू करून ऐकायचं तर सूर तोच ठेवून वेग कमी करणारी सोय वापरू नका, निदान निम्म्याच्या खाली तर नाहीच. त्यात मेंडोलिनच्या आघाताची धार जाते, सगळं चिखल होतं. सरळ स्पीडच निम्मा करा, सूर एक सप्तक खाली येऊ दे. आमच्या वेळी रेकॉर्ड प्लेअरला १६ चा स्पीड असायचा, ३३ ची एलपी त्यावर लावली की बरोबर निम्मा वेग आणि सप्तकभर खाली, त्यावर लोकांनी अख्खी गाणी काढलीयत. ट्रेमोलो (एकाच स्वरावर भराभर आघात) असेल तिथे तर हे हवंच, आघात एकेक मोजता येतात आणि ट्रेमोलो कुठे थांबून साधा आघात येतो तेही कळतं.

आणि वाद्य हातात घ्यायच्या आधी ओळ गाऊन बघा. गाता येत नाही म्हणजे अजून ऐकू आलेली नाही.

व्हायोलिनताई

ॲकॉर्डियन काका, मोकळ्या तारांचं एकदम पटलं, व्हायोलिनलाही तेच लागू.

पार्लेकर, तुमच्या त्या नी बद्दल सांगते कारण हा मला दर वेळी भेटतो. कुठल्याही स्वरात त्याचे वरचे स्वर मिसळलेले असतात, दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे. दुप्पट म्हणजे वरचा तोच स्वर, पण तिप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला त्याचा पंचम. आता भूपात हे करून बघा. सा चा पंचम प, भूपात आहे. रे चा ध, आहे. प चा रे, आहे. ध चा ग, तोही आहे. फक्त ग चा पंचम नी येतो आणि तो भूपाच्या बाहेर. म्हणजे सॉफ्टवेअरने अशी भुतं सगळ्याच स्वरांवर उठवली असणार, बाकीची रागात बसली म्हणून तुम्हाला खटकली नाहीत, नी तेवढा पकडला गेला. प ची पाचपट पण नी वरच जाते, ती जरा अशक्त असते.

आकड्यात बघायचं तर पांढरी दोनमध्ये ग म्हणजे ३७०, त्याची तिप्पट १११० आणि तुमचा मिडीवाला नी ११०९. एकच गोष्ट! व्हायोलिन सेक्शन जिथे जिथे ग वर थांबला असेल तिथे तिथे तो नी दिसेल, बघा जुळतंय का.

आणि हाताने पण पडताळा होतो. तो नी मेंडोलिनवर ई तारेच्या नवव्या पडद्यावर आहे. पांढरी दोनच्या भूपात सगळं काम पहिल्याच पोझिशनमध्ये होतं, सा मोकळा, दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग, मग मोकळा प, पुन्हा दुसऱ्यावर ध, पाचव्यावर वरचा सा. मध्येच अर्ध्या मात्रेसाठी नवव्या पडद्यावर जाऊन परत यायचं असं कुठला वादक करेल? जे हाताला येत नाही ते वाजलेलं नसतं, निदान पहिल्यांदा संशय घ्यावा.

स्टेमवाला

ताई भारी, हे मी कधी असं रागाच्या बाजूने बघितलंच नव्हतं.

याला जोडून. मेंडोलिन आणि व्हायोलिन दोघांची मिळवणी एकच, सगळ्यात खालची तार दोघांची १९६ हर्ट्झ, त्यामुळे इक्वलायझर फिरवून एकाला घालवता येणार नाही, तिथे वेळ घालवू नका. फरक आहे तो आवाजाच्या सुरुवातीत. मेंडोलिनचा स्वर एकदम उठतो आणि मिटत जातो, व्हायोलिनचा सावकाश येतो आणि टिकतो. सॉनिक व्हिज्युअलायझर म्हणून लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीचं सॉफ्टवेअर आहे, फुकट, त्यात स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या वेळी कुठल्या उंचीचे आवाज आहेत त्याचं चित्र) लावा. व्हायोलिन आडव्या थरथरत्या रेघा दिसतील आणि मेंडोलिनचा प्रत्येक आघात म्हणजे उभी कड. आधी स्वर शोधूच नका, नुसत्या उभ्या कडा मात्रांवर मांडा, कुठे आघात आहे कुठे नाही. तबल्याच्या पण कडा असतात पण त्या ठेक्यात ठरलेल्या जागी येतात, त्या वगळा. लय हातात आली की स्वर निम्मे आपोआप ठरतात कारण भूपात पर्यायच पाच.

स्पीडचा अजून एक पुरावा, तळाशी विजेची घरघर दिसते का बघा. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची. ती जर ५१.४ च्या जवळ दिसली तर मूळ रेकॉर्डिंगबरोबरच वर चढलीय आणि काकांचं पांढरी दोन पक्कं. बरोबर ५० वर असेल तर मात्र ती नंतर कॉपी करताना शिरलेली असू शकते, त्यावरून काही ठरवू नका.

पार्लेकर_तंतू

मंडळी, कसे आभार मानू कळत नाही. मावशीकडून सीडी आणली, ऑफिसला जाता येता ट्रेनमध्ये ऐकायचा नाद सोडला (त्या खडखडाटात खालचं काहीच ऐकू येत नाही) आणि रात्री घरी बसलो.

काका, सा आणि प दोन्ही स्पष्ट रेंगाळतायत. सा वरून ग वर गेल्यावर पण सा मागे ऐकू येतो. म्हणजे पांढरी दोन. स्पीड पावणेतीन टक्के खाली आणला आणि माझं मेंडोलिन न हलवता रेकॉर्डिंगबरोबर जुळलं. ५० ची घरघर बरोबर ५० वरच होती, म्हणून ती सोडून दिली.

ताई, नी जिथे जिथे होता तिथे व्हायोलिन ग वर थांबलेली आहेत, एक जागा सोडून, तिथे प आहे. तुमचं अक्षरशः खरं निघालं.

मग उभ्या कडा मांडल्या. दुसऱ्या आवर्तनात असं निघालं, आठ मात्रांत:

सा रे ग प | ध – प ग

आणि गंमत म्हणजे व्हायोलिन त्याच वेळी नुसता ग धरून आहेत, म्हणून शेवटचा ग मला कधीच ऐकू येत नव्हता, तो त्यांच्यात विरघळतो. आघाताची कड मात्र आहे. तिसरं आवर्तन पण आलं, कारण दुसऱ्या कडव्याआधी हाच पीस परत आहे आणि तिथे बासरी नाहीये, त्यामुळे जे पहिल्यांदा झाकलं गेलं होतं ते तिथे उघडं पडलं.

चौथ्या आवर्तनात शेवटच्या दोन मात्रा मात्र दोन्ही वेळा लागत नाहीत. तबलजी उठान (समेकडे नेणारा जोरकस तुकडा) घेतो आणि सगळं त्याखाली जातं. आघात दिसतायत, चार आहेत, स्वर नाही. हाताच्या हिशोबाने ध प ग रे असावं कारण पुढे सम (आवर्तनाची पहिली मात्रा) सा वर आहे. मी ते स्वर कंसात लिहून ठेवलेत म्हणजे नंतर कळेल की हे अंदाजाचं आहे.

व्हायोलिनताई

कंस नको हो! भातखंडे लिपीत कंसातल्या स्वराला स्वतःचा अर्थ आहे, कंसात प लिहिलं तर शिकलेला माणूस तो ध प म प असा वाजवेल, आणि भूपात मग म येईल. अंदाजाच्या स्वरांवर प्रश्नचिन्ह द्या किंवा पेन्सिलने लिहा. बाकी खाली वर टिंब, मोठ्या स्वराला रेघ, हे नेहमीसारखं.

आणि प्रश्नचिन्ह शेवटच्या प्रतीतही ठेवा, पुसून टाकू नका. उद्या कुणाकडे चांगली कॉपी निघाली तर त्याला नेमकं कुठे ऐकायचं ते कळेल.

जुना_ॲकॉर्डियन

ध प ग रे असेलही, पण ग रे सा रे हेही बघा. समेवर सा घ्यायचा तर आधी एकदा सा ला शिवून रे वर यायचं ही चाल मेंडोलिनवाले फार करायचे, कारण डी तार मोकळी, उजव्या हाताला सोपं जातं. तिथे एक करा, स्वर ऐकू नका, सा रेंगाळतोय का तेवढंच ऐका. उठानाच्या आधीच्या मात्रेच्या शेवटी आणि समेच्या अगदी लगेच आधी. मोकळी डी वाजली असेल तर समेच्या आधीच तिची घुमक सुरू झालेली असेल.

पार्लेकर_तंतू

काका, ऐकलं. निम्म्या स्पीडला, ड्रम्सचा स्टेम काढून. समेच्या आधी सा आहे. पुसट, पण आहे. ग रे सा रे च लागतंय, आणि वाजवून बघितलं तर हात आपोआप समेवर पडतो, ध प ग रे मध्ये तसं होत नव्हतं. तरी ताईंच्या सांगण्यावरून पहिल्या ग वर प्रश्नचिन्ह ठेवलंय, बाकी तीन पक्के धरले.

शेवटचं विचारतो. आमच्याकडे व्हायोलिनला दोन मुलं आहेत, ती स्टाफवरच शिकलीयत, सरगम वाचत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं लिहावं लागेल ना?

व्हायोलिनताई

हो, पण सोपं आहे. पांढरी दोन म्हणजे डी मेजर, दोन शार्प, म्यूझस्कोरमध्ये लिहा, तेही फुकट आहे. केरव्याचं एक आवर्तन म्हणजे चार-चार मात्रांचे दोन बार धरा. त्यांच्या पानावर त्यांच्या ओळीच्या वर बारीक अक्षरात मेंडोलिनची ओळ पण द्या, म्हणजे ग वर थांबलेले असताना खाली काय चाललंय ते त्यांना दिसेल आणि ती जरा हळू आवाजात वाजवतील. आणि पानाच्या वर लिहा की बाहेर मिळणारं रेकॉर्डिंग पाव सूर चढलेलं आहे, नाहीतर ती घरी यूट्यूब लावून प्रॅक्टिस करतील आणि तालमीला व्हायोलिन वर लावून येतील.

पार्लेकर_तंतू

लिहितो. त्यांना सुधारलेल्या स्पीडची फाईलच पाठवतो, यूट्यूबची गरजच नको. गायिकेच्या ओळींमागचं अजून बाकी आहे, आवाज काढलेली फाईल तयार आहे, उद्यापासून पहिलं कडवं घेतो. अडलो की इथेच लिहीन.